डाव्या हाताचा भाता

अनयाचा डावा हात हलला आणि सुमंतच्या हातातली लिंबाची फोड सुटून पोह्यात पडली. झालं होतं एवढंच. शनिवारची सकाळ, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या घराचं तेच तीस वर्षांचं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र, आणि शनिवार-रविवार आजी-आजोबांकडे राहायला येणारी सोळा वर्षांची नात कॉफीच्या मगला टेकवलेल्या फोनकडे बघत ओट्यापाशी उभी. तिच्या उजव्या हाताची बोटं ओट्यावर टकटक करत होती आणि डावा हात हवेत काहीतरी न दिसणारं पकडून आत-बाहेर, आत-बाहेर चालला होता. पेटीचा भाता मारावा तसा. तसा म्हणजे काय, तोच. मनगट जरा सैल, करंगळी उचललेली, आणि आत दाबताना खांद्याला बारीकसा झोल. ती करंगळी सुमंतच्या वडिलांची होती. सांगलीला नाटकवाल्यांच्या साथीला चाळीस वर्षं पेटी वाजवून ती तशी उचललेलीच राहायची, आणि त्यांचं बघून सुमंतचीही राहायची. पण या घरात सुमंतला पेटी वाजवताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. मुलानं नाही, नातीनं नाही, अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोनंही नाही. मग ही करंगळी या पोरीला दिली कुणी?

"हे काय चाललंय तुझं, अनया?"

"हे? इट्स द डेल, आजोबा. सगळे करतात. माझ्या अख्ख्या क्लासने व्हिडिओ टाकलाय." तिनं फोन त्याच्याकडे वळवला. "हा बघ. ओल्ड टीव्ही शो आहे, लाइक, सेव्हन्टीजमधला. हा डेल. डेट्रॉइटचाच आहे. हाऊ कूल इज धिस गाय!"

सुमंतला बघायची गरज नव्हती. ती अडीच मिनिटांची फीत त्याला पाठ होती. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी ती इंटरनेटवर टाकल्यापासून तो जवळजवळ रोज दुपारी, बायको, सुनेत्रा, आडवी झाली की, बेसमेंटमध्ये जाऊन ती बघत असे. बघत असे म्हणजे अक्षरशः बघतच असे, कारण आवाज तो बंद ठेवायचा. एक तर वर सुनेत्राला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे तो आवाज त्याला सोसायचा नाही. आवाजाशिवाय मात्र ती फीत सोसायची. नुसती सोसायची नाही, तर गोड लागायची. पडद्यावरचा पिवळ्या केसांचा देखणा पोरगा ऑर्गनच्या पट्ट्यांवर बोटं नाचवायचा, आणि सुमंत खुर्चीत बसून मांडीवर त्याच्या बरोबरीनं बोटं टेकवत मोजायचा: ही चुकली, ही चुकली, ही तर कुठल्या कुठे. सव्वीस पट्ट्या, त्यातल्या एकोणीस चुकीच्या. मोजून झालं की त्याला बरं वाटायचं आणि मग तो चहाला वर यायचा. ही त्याची एकट्याची चैन आहे असं तो समजत होता. आता अनयानं दाखवलं तेव्हा त्याला कळलं की ती चाळीस लाख लोकांनी पाहिली आहे. चाळीस लाखांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

माणूस पन्नास वर्षं डूख धरू शकतो का? सुनेत्रा बालरोगतज्ज्ञ होती. ती नेहमी सांगायची की आयांना कळा विसरायला होतात म्हणून तर दुसरं मूल होतं. सुमंतला विसरायला झालं नाही, याचं कारण त्यानं विसरू दिलं नाही. तो तेवीस वर्षांचा होता. सांगलीहून डेट्रॉइटला इंजिनिअरिंग करायला आला होता, आणि विद्यापीठाच्या चर्चमधला ऑर्गन रिकामा दिसला म्हणून एका दुपारी बसून वाजवत होता. तो ऐकून रॉन नावाचा लांब केसांचा मुलगा आत आला. त्याचा बँड होता, गॅरेजमध्ये सराव करणारा, आणि त्यांना ऑर्गनवाला हवा होता. सुमंतला रॉक संगीत कळत नव्हतं. रॉनला सुमंतचं इंग्रजी कळत नव्हतं. पण चार महिने सुमंत त्या गॅरेजमध्ये जात राहिला. तेवढे चार महिने त्या थंडगार गावात त्याला परकं वाटलं नाही. त्यांची एक तबकडी निघाली, रेडिओवर बऱ्यापैकी वाजली. तबकडीवर सुमंतचं नाव नव्हतं. तो विद्यार्थी व्हिसावर होता, काम केल्याचं उघड झालं तर परत पाठवतील अशी भीती होती, आणि नाव नको असं त्यानंच सांगितलं होतं. इथपर्यंत कुणाचा काही दोष नव्हता, हे सुमंत स्वतःशी दर वेळी प्रामाणिकपणे कबूल करायचा. मग पुढच्या भागाकडे यायचा.

पुढचा भाग टीव्ही स्टेशनातला. शनिवारी दुपारी लागणारा तरुण पोरांचा गाण्याचा कार्यक्रम होता, आणि त्या कार्यक्रमाची रीत अशी की कॅमेऱ्यासमोर कुणी खरं वाजवायचं नाही. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असायचं, तेच स्पीकरवर लागायचं आणि बँडवाल्यांनी त्याबरोबर तोंडं आणि हात हलवायचे. पण तबकडीवरचं गाणं चार मिनिटांचं, आणि कार्यक्रमात जागा अडीच मिनिटांची. म्हणून स्टेशनच्या स्टुडिओत सकाळी ते पुन्हा, आखूड करून, वाजवून घेतलं गेलं. कडवी कापली, आणि कापलेल्या ठिकाणी जोड दिसू नये म्हणून रॉन म्हणाला, सुमंत, मधे तू काहीतरी वाजव. काहीतरी! सुमंतनं बाबांची जागा वाजवली. नाट्यपदाच्या साथीत बाबा एका सुरावरून निघायचे, पुढच्या सुरावर येणार येणार म्हणेपर्यंत त्याला नुसतं शिवून मागे फिरायचे, आणि ऐकणाऱ्यानं श्वास सोडला की खालून हळूच येऊन तोच सूर उचलायचे. पहिल्या रांगेतले लोक त्या जागेला हमखास 'अहाहा' म्हणायचे. सुमंतनं ती इलेक्ट्रिक ऑर्गनवर, ड्रम्सच्या धडधडाटावर बसवली, आणि ती अशी बसली की काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. सुमंतच्या आयुष्यात त्याच्यासाठी असं कुणी उठून उभं राहिलेलं तेवढंच. तेवीस सेकंद. त्या सकाळी वाजवलेलं ते कुठल्याही तबकडीवर नव्हतं, फक्त त्या फितीत होतं.

आणि दुपारी निर्मात्यानं त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, डोकं तिरकं करून पाहिलं, आणि रॉनला म्हणाला, "हा कॅमेरा दुरुस्त करायला आल्यासारखा दिसतोय." सगळे हसले. रॉनही हसला. रॉननं खांद्यावर हात ठेवून समजावलं की बाबा रे, तुझ्या भल्याचंच आहे, टीव्हीवर तुझं तोंड दिसलं आणि इमिग्रेशनवाल्यानं पाहिलं तर? नाक मुठीत धरून सुमंत बाजूला झाला. ड्रमवाल्याचा मावसभाऊ नुसता गंमत बघायला आला होता. डेल प्रुइट त्याचं नाव. एकवीस वर्षांचा, पिवळे केस, पांढरेशुभ्र दात. त्याला सुमंतचा कोट घातला. बाह्या जरा तोकड्या झाल्या. आणि मग रॉननं सुमंतला सांगितलं, "चाळीस मिनिटं आहेत. याला बोटं कुठे ठेवायची ते दाखव ना."

बोटं कुठे ठेवायची ते दाखव. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते सुमंतला त्या दिवशी स्टेशनच्या व्हरांड्यात कळलं. ऑर्गनची वायर काढलेली होती, त्यामुळे आवाज नव्हता. डेल त्याच्या शेजारी बसला, त्याच्या केसांना कसल्यातरी फवाऱ्याचा वास येत होता, आणि तो अगदी साळसूदपणे म्हणाला, "हळू दाखव हं, मला यातलं काहीच येत नाही." सुमंतनं दाखवलं. बाबांची जागा नाही दाखवली. तिच्या शेजारच्या पट्ट्या दाखवल्या, मधे मुद्दाम ओबडधोबड उड्या घातल्या, एकीला दुसरी लागू नये अशा. तरी त्याचं समाधान झालं नाही, तेव्हा त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आणि हा डावा हात मागे धरून सारखा हलवायचा. वारा भरावा लागतो याला." इलेक्ट्रिक ऑर्गनला वारा! ज्याला अक्कल आहे असा कुणीही माणूस हे बघेल आणि पोट धरून हसेल, असा त्याचा हिशेब होता. डेलनं चाळीस मिनिटं मन लावून घोकलं. करंगळीसुद्धा उचलली. कॅमेरे सुरू झाले, आणि सुमंत काळोखात पडद्यामागे उभा राहून वाट बघू लागला की आता कुणीतरी ओरडेल. निर्माता खरंच ओरडला. "तो हात! तो हात फार सुंदर आहे, कॅमेरा त्या हातावर घ्या!"

त्या दिवसानंतर सुमंतनं पेटीला, ऑर्गनला, पट्ट्या असलेल्या कशालाही हात लावला नाही. सांगलीहून बाबांचं पत्र यायचं, शेवटी नेमानं एक ओळ, 'हात चालू आहे ना?' तो लिहायचा, वेळ मिळत नाही. बाबा गेले तेव्हाही तो वेळ मिळत नाही असंच लिहून बसलेला होता. वर्षभरात बँड मोडला. सुमंतला मोटारींच्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, पदव्या, बढत्या, घर, सगळं यथास्थित झालं. मराठी मंडळाची पेटी त्याच्याच बेसमेंटमध्ये असायची, कारण त्याचं बेसमेंट कोरडं होतं. शेजारी गणपतीचं मखर, समयांची खोकी आणि दोन मोठी पातेली. दर वर्षी उत्सवाला तो ती पेटी गाडीतून घेऊन जायचा आणि कुणीतरी दंतवैद्य किंवा सॉफ्टवेअरवाला तिच्यावर अत्याचार करायचा, आणि सुमंत मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसायचा. "तुमचे वडील वाजवायचे ना? तुम्हाला नाही आलं?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, नाही बुवा.

"आज दुपारी तो लायब्ररीत येतोय," अनया म्हणाली.

"कोण?"

"डेल, आजोबा! ही इज लाइक सेव्हन्टी-टू नाऊ. आधी तो क्लिप लावणार, मग क्यू अँड ए. आय ॲम गोइंग. तू येतोस? तू पण डेट्रॉइटमध्येच होतास ना तेव्हा?"

सुमंतनं चमच्यानं पोह्यातली लिंबाची फोड बाहेर काढली. डेल काय करतो ते त्याला ठाऊक होतं. कार्पेटचं दुकान होतं त्याचं, आणि जाहिरातींत, चार जुलैच्या मिरवणुकांत, गावोगावच्या जत्रांत तो ऑर्गनपुढे बसून मागे लागलेल्या गाण्यावर बोटं आणि हात हलवायचा. जन्मभर हलवत आला होता. पन्नास वर्षांत त्याला कुणीही म्हणालं नव्हतं की बाबा, वायर लाव आणि वाजव. ही एवढी साधी गोष्ट कुणाच्या मनात कशी आली नाही याचं सुमंतला त्या क्षणी फार नवल वाटलं, आणि मग त्याच्या मनात ती आली. ती आल्याबरोबर त्याला वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. पेटीला वायर नसते. पेटी पुढ्यात ठेवली की सबब चालत नाही. सगळ्या गावासमोर, फोनवाल्या पोरांसमोर, अनयासमोर तो माणूस उघडा पडेल. आणि मग सुमंत उठेल, पेटी आपल्याकडे ओढेल, आणि बाबांची जागा वाजवेल. बस. एक शब्द बोलावा लागणार नाही. ऐकणाऱ्याला आपोआप कळेल की ते तेवीस सेकंद कुणाचे.

बेसमेंटच्या जिन्यातून पेटी वर आणताना त्याला धाप लागली. सुनेत्रा दारात उभी होती.

"अहो, मंडळाची पेटी घेऊन कुठे निघालात? गणपतीला अजून दोन महिने आहेत."

"लायब्ररीत एक कार्यक्रम आहे. त्यांना दाखवायची आहे."

"कुणाला? आणि वाजवणार कोण?"

"आहे एकजण," सुमंत म्हणाला, आणि त्याला हसू आलं. ते हसू सुनेत्रानं पूर्वी कधी पाहिलेलं नसावं, कारण ती बाजूला झाली. गाडी अनयानं चालवली. तिच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि ती प्रत्येक सिग्नलला डावा हात स्टिअरिंगवरून उचलून भाता मारत होती. सुमंत शेजारी बसून मनात ती जागा आठवत होता. निघायचं, शिवायचं, फिरायचं, खालून यायचं. कानात ती अजून लख्ख होती. एकदा बेसमेंटमध्येच वाजवून बघावं असं त्याला वाटून गेलं होतं, पण पन्नास वर्षांचा पण मोडायचा तर तो तिथेच, सगळ्यांसमोर मोडायचा होता.

लायब्ररीच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, निम्मी पोरं. काहींच्या टी-शर्टवर तो हात छापलेला. करंगळीसकट. मंचावर एक जुना ऑर्गन मांडलेला होता आणि त्याची वायर गुंडाळून टेपनं मागे चिकटवलेली होती, हे सुमंतनं बसायच्या आधी पाहून घेतलं. मग डेल आला. सुमंतला वाटलं होतं की त्याला बघून पुन्हा ती आग पेटेल, पण आला तो एक थकलेला, गुडघे दुखणारा म्हातारा, दात मात्र अजून पांढरेशुभ्र. पडद्यावर फीत लागली. तरुण डेल वर आणि म्हातारा डेल खाली, दोघांची बोटं एकाच वेळी त्याच चुकीच्या पट्ट्यांवर पडत गेली. सुमंतची बोटं मांडीवर आपोआप त्यांच्याबरोबर चालली. आणि स्पीकरमधून बाबांची जागा आली. आठ वर्षं त्यानं ती आवाज बंद करून पाहिली होती; मोठ्यानं ऐकली ती आज पहिल्यांदा. अनया त्याच्या कानाशी म्हणाली, "हा पार्ट! आजोबा, लिसन टू धिस पार्ट!" तिच्या हातावर काटा आला होता. आता थोडाच वेळ, त्यानं मनाशी म्हटलं, आता थोडाच वेळ, बाळा.

प्रश्नांची वेळ झाली तेव्हा तो उठला. पेटी घेऊन मंचावर जायला त्याला एका मुलीनं मदत केली. त्यानं ती डेलसमोरच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं, बटणं ओढली, आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला, "हे आमचं वाद्य. याला वायर लागत नाही. याला डाव्या हातानं वारा द्यावा लागतो. मिस्टर प्रुइट, तुम्ही ते वाजवून दाखवाल का? याच्यावर?" सभागृहात आनंदाचा गलका झाला. फोन वर झाले. डेल पेटीकडे बघत राहिला, मग सुमंतकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला आणि सुमंतनं तो उडताना पाहिला. पन्नास वर्षं वाट बघून मिळालेले ते चार सेकंद होते आणि सुमंतनं ते चवीनं घेतले.

मग डेलचा डावा हात पुढे आला. त्यानं भाता धरला, अगदी जसा धरायचा तसा, आणि दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताखाली खरोखरचा वारा होता. उजव्या हाताची बोटं न अडखळता आपापल्या जागी गेली, घोकून घोकून गुळगुळीत झालेल्या त्या सव्वीस पट्ट्यांवर, आणि पेटीतून जे निघालं ते भयंकर होतं. भांडी पडावीत तसं. सुमंतनं डोळे मिटले. आता हसतील. आता.

टाळ्या पडल्या. आधी दोन-चार, मग सगळ्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती वेगळं ना! भारतीय सूरच निराळे असतात." शेजारीण समजूतदारपणे मान डोलावत होती. पोरं शिट्ट्या मारत होती. डेलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो सुमंतकडे बोट करत उठला. "तू तोच आहेस," तो म्हणाला. "मी तुला ओळखलं. लोक हो, हा माणूस... त्या दिवशी चाळीस मिनिटं माझ्याशेजारी बसून यानं मला हे शिकवलं. एकेक पट्टी. हा हातसुद्धा याचाच. मी कधीच वाजवत नव्हतो, मला वाजवायला येतच नाही, हे आज सांगून टाकतो. मी यानं दाखवलं तेवढंच जपलं. तुझं नाव विचारायचं राहिलं रे त्या दिवशी. काय नाव तुझं?"

"सुमंत," सुमंत म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. कुणीतरी त्याच्यापुढे माइक धरला आणि त्यानं पुन्हा सांगितलं, आणि सगळ्या सभागृहानं ते नाव वेडंवाकडं म्हणून पाहिलं. पन्नास वर्षं त्याला हेच हवं होतं. नाव घेतलं गेलं, हात त्याचा म्हणून सांगितला गेला, आणि तो उभा होता त्या बेसूर गोंधळाचा गुरू म्हणून. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की हे मी मुद्दाम चुकीचं शिकवलं, एका पोराला, ज्यानं माझं काहीही वाकडं केलं नव्हतं? रॉनचं नाही, निर्मात्याचं नाही, उट्टं काढलं ते याचं. त्याला एकाएकी स्वतःची शिसारी आली, आणि त्याहून जास्त डेलचा राग आला, की याला साधं फजित होणंसुद्धा जमत नाही.

"यू प्ले इट, आजोबा!" अनया खुर्चीवर चढून ओरडत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "ओ माय गॉड, तू वाजव ना! प्लीज!"

अजून वाट होती. बोलायची गरज नव्हती, आधीही नव्हती. सुमंत खाली बसला. पेटी ओढली. डाव्या हातानं भाता दाबला आणि करंगळी उचलली गेली, आणि सगळीकडे शांत झालं, सांगलीच्या नाट्यगृहात पडदा वर जाताना व्हायचं तसं. कानात ती जागा तयार होती. निघायचं, शिवायचं, फिरायचं, खालून यायचं. त्यानं बोटं सोडली. बोटं निघाली. ती दुसऱ्या पट्टीला उजवीकडे वळली. तिसरीला उडी मारली. सुमंतनं थांबवायला पाहिलं, पण आठ वर्षं रोज दुपारी मांडीवर गिरवलेलं ते त्याच्या ताब्यात नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस पट्ट्या, एकोणीस चुकीच्या, तो एकेक ओळखत होता आणि एकेक दाबत होता, डेलपेक्षा जास्त सफाईनं.

"बघा!" डेल आनंदानं ओरडला. "अगदी तसंच! हुबेहूब!"

आता मात्र सगळ्यांची खात्रीच पटली. टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या गर्दीत अनया तेवढी हळूहळू खुर्चीवरून उतरली आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. सुमंतनं उजवा हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवला. डावा हात चालूच होता, आत-बाहेर, आत-बाहेर, करंगळी उचललेली. पट्टीवर बोट नव्हतं, त्यामुळे आवाज काही येत नव्हता. सगळे फोन त्या हाताकडे वळले.